पाऊण मूठ

आमच्या काठावर घोडे सगळ्यांना कळतात.
तीनची, पाचची, साडेसातची –
वांगीपासून कुगावपर्यंत ओळीनं बसलेल्या मोटरी,
उजनीत तोंडं बुडवून उसाकडं पाणी ओढणाऱ्या.
म्हणून होडीला इंजिन घ्यायचं ठरलं
तेव्हा भेटेल तो आकडा सांगायला लागला.

बागायतदार म्हणाला, दहाच्या खाली बघूच नका.
लिलावातला तात्या म्हणाला, दोनचं बास,
पेट्रोल काय धरण घालणार हाय?
आणि जालिंदर, माझा नवरा,
त्यानं भिगवणच्या बाजूला बघितलेल्या
रोहित पक्षी दाखवणाऱ्या पोरांच्या होड्या:
मागं पंधरा घोडे, पुढं गॉगल लावलेली माणसं,
पाणी उसवत गेल्यासारखी पांढरी रेघ.
झोपेतही त्याची मूठ पिळली जायची.

टेंभुर्णीच्या फिटरनं आकडा सांगितला नाही.
इस्माईलभाई नुसता विचारत गेला:
होडी किती फुटी? मागची फळी किती जाड?
माणसं किती, जाळी किती, बर्फ नेता का?
परत येताना वारा कुठनं असतो?
जालिंदर म्हणाला, चौदा फुटी.
बाकीच्यासाठी त्यानं माझ्याकडं बघितलं.

मग मी होडी तोलली.
लिलावाचा काटा घरी आणून लिंबाला टांगला.
ओली जाळी अठ्ठावीस किलो. कोरडी सतराच भरतात,
पण कोरडी जाळी घेऊन कोण परत येतं?
नांगराचा दगड नऊ. क्रेट, बर्फ, पाण्याचा कॅन.
जालिंदर पाय पोटाशी घेऊन लोंबकळला: बासष्ट.
मामंजी चव्वेचाळीस, हलले नाहीत म्हणून बरोबर.
मी लोंबकळले तेव्हा कुणी आकडा वाचला नाही,
मीच वाचला.
चांगल्या दिवसाची चिलापी, रोहू मिळून ऐंशी धरली.
वाईट दिवस इंजिनाच्या हिशेबात धरायचे नसतात,
त्यांची वही वेगळी.

तरी पंधराचं एकदा लावून बघितलंच.
चुलतदिराचं, उसनं, दोघांनी उचलून आणलेलं.
फळीला चढवलं तशी होडी मागं बसली,
डबक्यात म्हैस बसावी तशी.
मूठ पिळली आणि नाक आभाळात,
मागनं पाणी आत, माझी एक चप्पल तरंगायला लागली.
वेग आला. खोटं कशाला बोलू,
मलाही बरं वाटलं.
पदर फडफडला, डोळ्यांत पाणी आलं,
मी एकदा ओरडलेसुद्धा,
कशाला ते कळलं नाही.

मग खाली काहीतरी लागलं.
पंखा खडखडला, पिन तुटली
आणि इंजिन जागच्या जागी भुंकत राहिलं.

चैत्र होता, पाणी उतरत होतं.
पुढच्या टोकाला मामंजी मागं न बघता म्हणाले,
"जुन्या गावाची चावडी हाय ती.
वल्ह्याला कळतंय.
ह्याला कुणी सांगितलंय, हितं गाव हुतं म्हणून?"
घरापर्यंत वल्हवत आलो. तासभर कुणी बोललं नाही.

आठचं घेतलं.
जुनंच, आखूड दांड्याचं, एकट्याला उचलेल असं.
सहा पिना जादा मागून घेतल्या,
साडीच्या पिनेत ओवून डब्याच्या झाकणाला लावल्या.

चारला पश्चिमेचं वारं सुटतं, अगदी तोंडावर.
भरलेली होडी त्यातनं येते
पिठाच्या गिरणीसारखी एका आवाजात.
जालिंदर पाऊण मुठीवर धरतो.
उरलेली पाव मूठ कधी पिळत नाही,
पण त्याचा अंगठा तिथंच टेकलेला असतो,
मी बघते.

मामंजींनी हात वर केला की तो इंजिन बंद करतो,
पंखा पाण्याबाहेर घेतो.
मी वल्हं उभं धरून खाली सोडते,
दगडाला टेकलं की ओल्या खुणेवर बोटं ठेवते.

कालच्यापेक्षा दोन बोटं कमी.