ठसा अस्पष्ट

रविवारी दहाला, पाचपाखाडीत,
शाळेच्या चित्रकलेच्या खोलीत
आम्ही नऊ जण छोट्या बाकांवर बसलो,
गुडघे हनुवटीला.
कादंबरीबाई म्हणाल्या, चित्र काढता येत नसलं तरी चालेल,
पानाला येतं.

पिशव्या उलट्या झाल्या:
कचराळी तळ्याच्या कडेचे बदाम, करंज,
कुणाच्या गॅलरीतला मनीप्लांट,
फुलवाल्याकडून मागून आणलेला शिळा झेंडू,
आणि माझी जास्वंद, सोसायटीच्या कुंपणावरची,
पूजेच्या नावाखाली तोडलेली.

काचेवर शाई, तिच्यावर रूळ.
रूळ फिरताना चर्र वाजला पाहिजे,
चपचप वाजला तर शाई जास्त.
बाई सांगत होत्या आणि मी मान हलवत होतो,
जरा जास्तच.
आधी केलंय का काका?

केलंय.
एकतीस वर्षं, दुय्यम निबंधकांच्या कचेरीत.
पानांचे नाही, अंगठ्यांचे.
डावा हात द्या. सैल सोडा.
तुम्ही दाबू नका, मी फिरवतो.
नखाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, एकदाच.
दोनदा फिरला की रेषेवर रेष चढते
आणि अंगठा कुणाचाच राहत नाही.
खाली लिहायचं, निशाणी डाव्या हाताचा अंगठा.
दिवसाला चाळीसदा लिहायचं म्हणून आखडून,
नि. डा. हा. अं.

बाई म्हणाल्या, पानाची पाठ घ्या.
पोट गुळगुळीत असतं, काही सांगत नाही.
हे मात्र मला नवीन होतं.
करंजाची पाठ शाईवर ठेवली, मग कागदावर,
वर चिंध्यांची गादी, वर तळहात.
उचललं तर
मधली शीर, तिच्यातून फुटलेल्या, त्यांच्यातून फुटलेल्या,
अळीनं कुरतडलेला कोपरासुद्धा
हजर.
मग तेच पान, नव्यानं शाई न लावता,
दुसऱ्या कागदावर.
हा फिका येतो, पण बारकावे यातच.
पहिल्यात शाईच फार बोलते.

नोव्हेंबरात बँकेच्या यंत्रानं माझाच अंगठा नाकारला.
हयातीचा दाखला.
पुसून ठेवा, म्हणाला तो मुलगा. जोरात ठेवा.
दाबू नये, फिरवावा, असं मी म्हणणार होतो.
लाल दिवा.
पुन्हा लाल दिवा.
शेवटी डोळ्यावरून ठरलं, मी आहे ते.

जास्वंद सगळ्यात शेवटी घेतली.
ओलं फूल नको, बाईंनी आधीच बजावलं होतं.
पाकळ्या गादीखाली फुटल्या,
काळ्या शाईत त्यांचा जांभळा रस पसरला,
ना शीर ना कड,
नुसता एक ओला गोळा.
दुसरा कागद घ्या, काका.

मी घेतला नाही.
कोपरीच्या मिठागरावर जन्म गेलेली ती बाई
भावांच्या नावे हक्कसोडपत्र करायला आली होती.
भाऊ दाराशी उभे, घड्याळ बघत.
तिचा अंगठा मी चारदा फिरवला,
स्पिरिटनं पुसून फिरवला,
चारही वेळा काळा वाटाणा.
ती हसली. मिठानी खाल्लंय रं बाला.
शेऱ्याच्या रकान्यात मी लाल शाईनं लिहिलं,
ठसा अस्पष्ट.
पाच वाजत आले होते.
दस्त नोंदला गेला.

कागद दोरीवर लागले, चिमट्यांनी.
खाली पेन्सिलीनं झाडाचं नाव लिहा, बाई म्हणाल्या.
करंज, लिहिलं.
करंज, दुसरा ठसा.
जास्वंदीच्या कागदावर पेन्सिल टेकली
आणि हात सवयीनं पुढे गेला, कचेरीच्या वळणात:
बामूबाई गोमा भोईर,
नि. डा. हा. अं.

शेजारच्या बाकावरची मुलगी वाकून वाचत होती.
हे शास्त्रीय नाव का हो, काका?
तिनं बोट पुढं केलं तेवढ्यात
बाई तिकडून ओरडल्या,
हात नको लावू,
ओलं आहे अजून.