दोन सूत

गोडोलीत, तळ्याच्या वरच्या अंगाला,
फडतरे बाईंचं मागचं दार
सरकतं, पण लागत नाही.
फोनवर म्हणाल्या, कुलूप नवं आणा,
जुनं कंटाळलंय.

मी इरफान मुलाणी, काच-ॲल्युमिनियमवाला.
कुलपाला हात लावायच्या आधी गुडघे टेकतो.
सरकत्या दाराचं दुखणं दिसतं वर,
असतं पायात.
रुळात सापडलं: मुंगळ्यांचं बिऱ्हाड,
शेवेचा तुकडा, एक काळा मणी,
आणि यवतेश्वराकडच्या वाऱ्यानं
नेमानं आणून टाकलेली तांबडी माती.

शिवाय एक काठी, रुळात लांब निजवलेली.
नकाशा टांगायची. बाई भूगोलाच्या.
एका टोकाला अजून चिकटून
हिंदी महासागराची निळी चिंधी.
सहा वर्षं हेच त्यांचं कुलूप.

चाकं झिजलीत, बाई. दार बसलंय दोन सूत.
आकडा ठणठणीत आहे. हे बघा,
चावी फिरवली की येतो बाहेर
मांजराच्या नखासारखा.
खाच मात्र जिथं होती तिथंच,
आणि हे खाली आलंय.
रोज रात्री हात पुढं करतं,
पत्र्याला थटून मागं घेतं.

मग मी माझा नेहमीचा खेळ केला.
काठी काढली. आकडा पानशीनं ओढून
कसाबसा खाचेत बसवला, बाई आत, मी बाहेर.
एक हात मुठीला, एक तळवा काचेवर,
आणि दार उचललं.
तोडलं नाही, वाकवलं नाही. उचललं.
वरच्या खोबणीत जागा असते,
दार बसवताना लागते म्हणून ठेवलेली.
आकडा सुटला. मी पायपुसण्यावर उभा.

इथं गिऱ्हाईक घाबरतं.
मग मी रबरी ठोकळा दाखवतो,
वरच्या खोबणीत बसवायचा, चाळीस रुपये,
दार जन्मात उचलत नाही.

बाई म्हणाल्या, पुन्हा करा.
पुन्हा केलं.
तिसऱ्यांदा त्यांनी आतून काचेला हात लावून ठेवला,
वर्गात कंप सांगताना लावत असतील तसा.
"किती जणांना येतं हे?"
धंद्यातल्या सगळ्यांना. चोरांत, हुशार असेल त्याला.
"आणि शिकवता येतं?"

मार्चमध्ये त्या न्हाणीघरात पडल्या होत्या.
रात्री अकराला.
सकाळी कामवाल्या सुरेखानं दोनदा बेल वाजवली,
तिला वाटलं बाई गेल्या असतील कराडला.
पेपर आला. दूधवाला पिशवी कडीला अडकवून गेला.
दुपारी चारला त्या सरपटत फोनपर्यंत.
हे सगळं त्यांनी सांगितलं
महाबळेश्वरचा पाऊस मिलिमीटरमध्ये सांगावा तसं.
"पुढच्या दाराला तीन कड्या आहेत, मुलाणी.
नवऱ्यानं लावलेल्या. तो नीट माणूस होता."

आता, खाच जुळवायच्या दोन रीती.
चाकं बदलून दार वर घ्यायचं, ही खरी.
मग वरची जागा भरते, दार उचलत नाही.
किंवा खाच दोन सूत खाली आणायची,
ही आळशाची. उस्तादानं पाहिली असती
तर पान्हा फेकून मारला असता.

मी खाच खाली आणली.
रूळ झाडला, चाकांना तेलाचा थेंब दिला.
आकडा गेला आत, टक्.
बाईंनी तो आवाज चार वेळा ऐकला.

मग शेजारच्या काटकरांची भार्गवी आली,
नववीतली, वेटलिफ्टिंगला जाते.
तिला म्हटलं, खांद्यानं नाही, मांड्यांनी.
म्हणाली, माहितीय काका.
पहिल्याच झटक्यात दार वर.
आतून बाईंनी टाळ्या वाजवल्या, नंतर लाजल्या.

काठी नेऊ का, भंगारात?
नको म्हणाल्या. नकाशा आहे अजून, कपाटावर.

बिलात लिहिलं: खाच सरकवणे, मजुरी दोनशे.
रबरी ठोकळा, आणि पुढं रेघ.
तो पिशवीत खुळखुळत होता
पोवई नाक्यापर्यंत.