नालेसाठी घोडा

शहापुरात बाबा जिथे रेडिओ दुरुस्त करायचे
त्याच गाळ्यात मी गेमची मशिनं विकते.
दोन कंपन्या. नावं खोक्यांवर मोठी छापलेली,
माझ्या वहीत नुसतं काळं आणि पांढरं.

गणपतीपर्यंत वही सरळ चालली होती,
काळी अकरा, पांढरी बारा.
पोरं यायची, कंट्रोलर हातात तोलून बघायची
बाजारात वांगं दाबून बघावं तशी,
आणि शेवटी घ्यायची ते, जे मित्राकडे असेल.

मग 'सातवं बेट' आलं.
एक मुलगी, एक विझलेलं दीपगृह,
चहूकडे पाणी.
चालणार फक्त काळ्यावर.
पांढऱ्यावर नाही. का, ते लिहिलेलं नव्हतं.

दिवाळीत काळी एकेचाळीस गेली.
पांढरी चार,
त्यातलं एक मावसभावाने नेलं, भिडेखातर.

सापडली नाल म्हणून घोडा घेतला, म्हणायचे बाबा,
एका गाण्यापायी कुणी अख्खा रेडिओ मागितला की.
हुबळीहून येणारा कंपनीचा मंजुनाथ
हे ऐकून खूप हसला.
"आक्का, घोडा आम्ही तोट्यातच देतो.
मग जन्मभर एकेक नाल विकतो."
चहा पिऊन, आणखी दहा काळ्यांची ऑर्डर लिहून
तो निपाणीच्या गाडीला गेला.
मला एका मशिनमागे तीनशे सुटतात.
मीही लिहून घेतलं.

वडगावची शांतव्वा आली मंगळवारी,
माग बंद ठेवून.
पिशवीत पांढरं मशीन, टॉवेलात गुंडाळलेलं,
श्रावणात भिशी फुटली तेव्हा कल्मेशसाठी नेलेलं.
"अदु कोडी," म्हणाली, बोट काळ्याकडे.
मग मराठीत, मला नीट कळावं म्हणून,
"टीव्ही तोच, वायर तीच, लाईट बिल माझंच.
मग समुद्र ह्याच्यात का येत नाही?
समुद्र काय त्यांच्या बापाचा आहे?"

आहे, शांतव्वा.
कागदोपत्री आहे.
हे मी म्हटलं नाही.
पांढरं परत घेतलं अर्ध्या किमतीला
आणि वहीत तिसरा रकाना आखला: जुनी.

बाबांचा एक रेडिओ अजून वरच्या फळीवर आहे.
काटा जरा सरकवला की धारवाड,
आणखी जरा, सांगली,
रात्री उशिरा खरखरीतून पणजी.
धारवाड ऐकायला वेगळा रेडिओ लागतो
असं कुणी म्हटलं असतं
तर बाबांनी त्याला आधी पाणी दिलं असतं.

दोन वर्षांनी बेट पांढऱ्यावरही आलं.
पोस्टर लावलं, बल्बची माळ लावली.
पांढरी तीन गेली.
ज्यांना जायचं होतं ते सगळे
कधीच त्या बेटावर जाऊन आले होते.
काळ्याचीही विक्री तशी थंडच,
पण तोवर घरोघरी घोडे बांधलेले,
आणि दर महिन्याला नाल लागतेच.

कल्मेश आता उद्यमबागेत फाउंड्रीत जातो.
पोस्टरसमोर थांबला, बोटांना वाळूची काजळी.
"शेवटी दिवा लागतो का रे?" मी विचारलं.
"खेळून बघा की आक्का.
दुकान तुमचंच हाय."

त्या रात्री शटर अर्धं ओढलं.
जुन्याच्या रकान्यातलं ते पांढरं,
शांतव्वाचं, कुणीच न नेलेलं,
टॉवेलासकट खाली काढलं.
पडदा बराच वेळ काळा.
मग पाणी आलं, किनारा आला,
किनाऱ्यावर ती मुलगी, पाठमोरी.
बटण दाबलं. हलेना.
पुन्हा दाबलं.
मग बाबांच्या सवयीने
मशिनला बाजूने
एक थाप मारली.