हरीण की बोकड

म्हसरूळच्या डोंगरावर
सगळे तीर्थंकर एकाच चेहऱ्याचे.
तेच लांबट कान, तोच न हलणारा श्वास.
कोण म्हणून विचारायचं ते आसनाखाली,
नखाएवढ्या जनावराला.
बैल असला तर आदिनाथ,
कासव असलं तर मुनिसुव्रत.

डावीकडच्या कोनाड्यात मात्र
चार खूर उरलेत, एक वळलेली मान.
शिंगं झिजून गेली.

ट्रस्टनं गोटीराम पाथरवटाला बोलावलं.
त्यानं छिन्नी टेकवली, उचलली.
"हरणाची काढली तर शांतिनाथ,
बोकडाची काढली तर कुंथुनाथ.
माझ्या एका टवक्यानं देव बदलायचा."

चतरीबाई पहाडे खांबाला टेकून बसलेल्या.
साठ वर्षं अभिषेकानंतर
त्याच ते जनावर बोटानं पुसत आल्या;
दूध अडकायचं ना शिंगांत.
"म्हणजे तुम्हीच झिजवलंत," गोटीराम हसला.
त्या हसल्या नाहीत.
मोतीबिंदूचे डोळे मिटून
तर्जनी दगडावर फिरवत राहिल्या.
"लग्न होऊन आले तेव्हा टोचायचं. इथं.
काय होतं, कधी पाहिलंच नाही.
ओले हात, आणि घरी जायची घाई."

खाली दिंडोरी रोडला ट्रकचा हॉर्न.
गोटीरामनं छिन्नी फडक्यात गुंडाळली,
वहीत लिहिलं:
धूळ झाडली. मजुरी नाही.

उतरताना वळणावर
कुणाचा तरी बोकड
निर्माल्यातला झेंडू चघळत उभा.
गोटीरामनं त्याच्याकडे,
म्हणजे शिंगांकडेच,
नको तितका वेळ पाहिलं.