दारातूनच बोल, इनास

दारातूनच बोल, इनास.
चुन्याचं घमेलं ओलांडू नकोस
आणि ती पिशवी फाटकाला टांगू नकोस.
काय आहे त्यात, मला ठाऊक आहे.
शनिवारी सकाळी वाटा घेऊन कोणी येत नाही.

परवा तुझ्या वाडीत तीन कापलीस तू,
रात्री अकराला, दिवा बारीक करून.
गोराईत बातमी होडीच्या आधी पोचते.
एक गाभण होती म्हणे.
कानांच्या कडा शाई सांडल्यासारख्या,
पोटाखालीही तोच रंग,
आणि मागचे पाय
प्यायलेल्या माणसासारखे एकमेकांना शोधत होते.
"उन्हाळी लागली," सांगितलंस सगळ्यांना.
नोव्हेंबरात?

खाल्लं तर आपल्याला काही होत नाही, खरं आहे.
दवाखान्यातली ती घोसाळकरांची मुलगी हेच म्हणाली,
हा ताप डुकराचा, डुकरालाच होतो.
पण पुढचं तू ऐकलं नाहीस,
तू जेट्टीकडे बघत होतास.
मटण आपण खातो, हाडं उरतात,
हाडं बादलीत, बादली कुणाच्या तरी गोठ्यात.
खारवलं, वाळवलं, तरी महिनोन्महिने
ते आत दबा धरून असतं.
लस नाही. औषध नाही.
मग आहे काय, विचारलं मी.
"चुना, उकळी आणि बंद फाटक," ती म्हणाली.
मला हसू आलं होतं,
एवढं शिकून हे?

तेव्हापासून उकळते.
बोरिवलीहून येणारे दोन निळे पिंप,
चायनीजच्या गाडीवरचं, लग्नाच्या हॉलमधलं,
नूडल्स, पापलेटची डोकी, करपलेला भात,
कधी एखादा स्टीलचा चमचा.
जुन्या होडीच्या फळ्या जाळते खाली,
खदखदायला लागलं की पुढे अर्धा तास, घड्याळ लावून.
लोप्सांची सून वासाने खिडकी आपटते.
आपटू दे.
गोठ्यातल्या चपला गोठ्यातच राहतात.
गाभ धरवायला तुझा नर मागितला नाही वर्षभर,
तू रुसलास, तेही कळलं.

आता हे ऐक, आणि हसू नकोस.
गेल्या आठवड्यात मला भाईंदरला मयताला जायचं होतं.
फळ्या दमट, धूर नुसता.
पिंपात बोट घातलं, चटका बसला,
म्हटलं, पुरे.

आज बादली वाजवली.
सात उठल्या.
आठवी, ती भुऱ्या पाठीची,
जी मला चालताना पदराला ढुशी देते,
भिंतीला टेकून राहिली.
डोळे उघडे. बादलीकडे पाहिलं तिने,
जसं आपण नको असलेल्या पाहुण्याकडे पाहतो.
नळी लावली. एकशे सहा.
कान अजून गुलाबी आहेत.
तीनदा जाऊन बघून आले, गुलाबीच आहेत.

फोन केला की काय होतं, तुलाही माहीत आहे.
पांढरे पोशाख येतील,
नकाशावर गोल काढतील.
त्यात माझ्या आठ, तुझ्या उरलेल्या,
आणि त्या मिंगेल म्हाताऱ्याची तीन पिल्लं,
ज्याने आयुष्यात हॉटेलचा एक घास आणला नाही.
पैसे मिळतात, पण कधी, ते विचारू नये.
केला नाही तर
आठ दिवसांत तेच होतं, फक्त गोल मोठा होतो.

सकाळपासून हातात फोन आहे.
मयताच्या घरी जशी चप्पल सापडत नाही,
तसा तो नंबर सापडत नव्हता.
मग तू दिसलास, पिशवी घेऊन.

पिशवी खाडीत फेकू नकोस,
भरती ती कुणाच्या तरी दारात ठेवेल.
तिथेच ठेव. हा चुना घे, वर पसर,
ते येईपर्यंत कुत्र्याला जवळ येऊ देऊ नकोस.
हात फाटकावरून काढ.

लागला.
हो, गोराई. हो, डुकरं.
थांबा, आधी माझं नाव लिहा.

इनास,
तुझं तू सांग. मोठ्याने सांग,
मी फोन तुझ्याकडे धरते,
दारातूनच.