साडेसतरा मिनिटांचा समुद्र

खडकवासल्याच्या शेडमध्ये समुद्र
साडेसतरा मिनिटांत भरून ओसरतो.
मतेमामांचा चहा उकळेस्तोवर
अर्धी ओहोटी निघून जाते.

पत्र्याखाली सिमेंटची खाडी,
तीनशे हातांचा एक हात केलेला.
कोळशाची भुकटी म्हणजे गाळ.
तिवरं म्हणजे काथ्याचे कुंचले, उलटे रोवलेले,
सात हजार दोनशे.
मामांनी मोजलेत, मी नाही.

डाव्या बांधाला आम्ही भगदाड पाडलं,
मुद्दाम. फायलीत त्याचं नाव वळणद्वार.
नदीचं गढूळ पाणी खचत्या दलदलीत शिरावं,
थबकावं, डोक्यावरचं ओझं उतरवावं,
एवढंच मागणं.
चार दिवस ते शिरलं आणि तसंच निघून गेलं,
चप्पलही न काढता.

पाचव्या दिवशी मामांनी कुणाला न विचारता
तोंडाशी विटेचा तुकडा तिरका ठेवला.
भुकटी बसू लागली.
वहीत मी लिहिलं : चार मिलिमीटर.
तिकडे त्याची वीतभर जमीन होते.

मे महिन्यात कृष्णेच्या मुखाकडून अंकम्मा आल्या,
खेकडे धरणाऱ्या,
दुभाष्या म्हणून शाळकरी नातू.
काठाकाठानं दोनदा फिरल्या,
मग कोपरापर्यंत हात बुडवून
तळाच्या सिमेंटला बोट लावलं.
नातू म्हणाला, इथं आमची चूल होती.

आणि त्यांनी विचारलं,
दार उघडाल, पण नदीकडे गाळ आहे का द्यायला?

मी आकडे शोधत राहिलो.
मामांनी जीपची किल्ली घेतली.

धरण तळाला गेलेलं. भेगाळलेला काळा गाळ,
गुडघाभर, कमरेएवढा, पुढं कोण मोजणार.
मुठेनं तो भीमेला द्यायचा,
भीमेनं कृष्णेला,
पिढ्यान्‌पिढ्या भिंतीशीच अडून बसलेला.
अंकम्मांनी ढेकूळ हुंगलं,
नातवाच्या डब्यात ठेवलं, झाकण लावलं.
भाषांतर कुणी मागितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मामा
त्याच गाळाची बादली घेऊन शेडमध्ये.
मी म्हटलं, मामा, खरा गाळ प्रमाणात बसत नाही,
सगळी मापं बिघडतील.
ते म्हणाले, बिघडू देत एक भरती.

पाणी तपकिरी झालं. कुंचल्यांच्या बुंध्याशी
मऊ काहीतरी साचत गेलं, सावकाश.
आम्ही दोघं उकिडवे बसून बघत होतो.
पंप घरघरत होता.

त्या साडेसतरा मिनिटांची
वहीत नोंद नाही.