बारा तारीख

पहाटे पाच चाळीसला ॲप पडायचं.
रोज नाही. रोज पडलं असतं तर बरं झालं असतं,
रोजच्या दुखण्याला निदान एक नाव असतं.

टँकरच्या बुकिंगचं ॲप. लश्कर, कंपू, थाटीपूर, मुरार.
मालक निर्भय कुशवाह, अकरा टँकर, दोन फोन,
आणि सॉफ्टवेअर म्हणजे जनकगंजातली एकटी मी.
मे महिना. ग्वाल्हेरचा दगड रात्री दोनलाही
हात ठेवू देत नाही.

सर्व्हर मुंबईत आहे म्हणतात. मी पाहिलेला नाही.
भाड्याची खोली, घरमालक अदृश्य, भाडं डॉलरमध्ये,
आणि भिंत खचली की तेवढं एक लाल वाक्य :
मेमरी संपली. पुन्हा सुरू करत आहोत.

मेमरी दुप्पट केली.
मग ते पाच बावन्नला पडू लागलं.
कुशवाहच्या पैशाने बारा मिनिटं विकत घेतली मी.

होळीच्या आधीची आवृत्ती परत चढवली, तीही पडली.
म्हणजे चूक जुनी. म्हणजे माझीच.
घरमालकांना लिहिलं. अठरा तासांनी उत्तर :
आमच्या बाजूला सर्व सुरळीत आहे.
खाली कुणा ओल्गाची सही, आणि हसरा चेहरा.

लॉग वाचत बसले, गहू निवडावा तसे.
निवडून निवडून डोळ्यांना सगळेच खडे दिसू लागले.
शेवटी कालनिर्णयच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने मांडलं :
सहाला पडलं. आठला पडलं. दहाला पडलं.
बाराला नाही.
चौदाला पुन्हा.

बाराला काय होतं?
एकादशी नव्हती, सुट्टी नव्हती,
बुकिंग तर नेहमीपेक्षा जास्त होतं.

सोळा तारखेला, पाच अडतीसला, मोरीतला नळ खोकला.
आधी खोकतो, मग नुसती हवा, मग गढूळ, मग पाणी.
एक दिवसाआड येतं आमच्याकडे.
बादली लावली, आणि सवयीने फोन उचलून
काल रात्री असावा म्हणून बुक केलेला टँकर
रद्द करायला गेले.

बोट तिथेच थांबलं.

बाराला मोतीझीलकडे पाइप फुटला होता.
बाराला नळ आलाच नव्हता.

तर असं होतं. नळ खोकला की सगळं लश्कर
एकाच मिनिटाला 'रद्द करा' दाबायचं,
आणि त्या एका वाटेवर मी
डेटाबेसचं दार उघडून, काम झाल्यावर,
न लावताच परत फिरले होते. एक ओळ. दीड वर्षापूर्वीची.
दारं वीस. विसावा माणूस पाणी भरायला निघून गेला
की एकविसावा उंबऱ्यावर, त्याच्यामागे बावीस,
त्याच्यामागे थाटीपूरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या मुद्गल बाई,
जिथे नळ कधी चढलाच नाही,
ज्यांना टँकर खरंच हवा होता.
त्यांच्या पडद्यावर ते गोल चाक फिरत राहायचं.

ओळ लिहिली. चढवली. चढेना :
जगाच्या कुठल्याशा कोपऱ्यात कुणी रात्रीतून
एक लायब्ररी बदलून ठेवली होती.
जुनी आवृत्ती खिळ्याने ठोकली. पुन्हा चढवली. पुन्हा लाल,
पोर्टचा आकडा माझ्याच टेबलावरचा राहिलेला.
तिसऱ्यांदा हिरवं. देवाला नमस्कार केला नाही,
पण हात तिकडे गेला होता.

अठरा तारीख. पाच चाळीस.
एकतीस रद्द. एकतीस दारं उघडली, एकतीस लागली.
आलेखाची रेघ मेळ्याच्या रिकाम्या मैदानासारखी सपाट.
कुशवाहचा फोन : "मॅडम, आज किसी का फोन नहीं आया."
खूश होता की एकतीस फेऱ्यांचा हिशेब करत होता,
आवाजावरून कळलं नाही.

मुद्गल बाईंचा टँकर सहा दहाला निघाला.
मी ते टिंब नकाशावर सरकताना बघत राहिले,
बघत राहिले,
मग पायाला गार लागलं.

बादली केव्हाच भरली होती.